डोळे शेवटी काढणारा फोरमन

या, अशा जवळ बसा. तिथं उंबऱ्याशी काय टेकलात, मीटर बघायला आल्यासारखे! आणि आज जरा बोलणारच आहे मी तुम्हांला. दरवर्षी पेणला येता, गणपती ठरवता, दोन पाकिटं पापड घेता आणि रामवाडीवरून सरळ हायवेला लागता. माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून एक माणूस राहतो आणि तो मशिनांना डोळे काढतो, हे कुणी सांगितलंच नाही ना? सांगणार कोण? तुम्ही कधी थांबलात तर!

डोळे म्हणजे खरेच डोळे. गणपतीला काढतात तसे, बारीक कुंचल्यानं, भुवया-बुबुळांसकट. त्याच्या घरातल्या धार लावायच्या मशीनला आहेत. हमरापूरच्या दोन भावांनी मूर्ती रंगवायला पायानं फिरणारा पाट तयार केला, त्याला आहेत. बस्स. दहा वर्षांत दोनच. बाकी पोरं काय काय यंत्रं घेऊन येतात, ती सगळी बिनडोळ्यांची परत जातात.

नाव काशिनाथ. पण ते रेशनकार्डावर. सगळी रामवाडी त्याला फोरमन म्हणते. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून अरे-तुरे करते. तुम्ही करू नका.

रोह्याच्या एका कंपनीत टूलरूममध्ये त्याचा जन्म गेला. सकाळच्या गाडीनं रोहा, संध्याकाळच्या गाडीनं पेण. रिटायर होऊन जमाना झाला, तरी अजून साडेअकराला जेवतो, कारण तेव्हा कंपनीत कॅन्टीनची घंटा व्हायची. माझ्या नातीच्या बारशाला पंगत साडेबाराची होती. हा साडेअकराला एकटाच पाटावर बसून. "घंटा झाली, माई." झाली तर झाली, वाढलं मी बापडीनं.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हा व्हर्निअर ठेवतो. तेच ते, जाडी मोजायचं पोलादी अवजार. एकदा माझ्या गच्चीवर येऊन पापड मोजायला लागला. "माई, ह्या पापडात आणि त्या पापडात पाव मिलिमीटरचा फरक हाय गो." मी म्हटलं, "फोरमन, तो पाव मिलिमीटर खाताना दातात अडकला की सांग." हसला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या लाटण्याच्या दोन्ही टोकांना पितळेच्या कड्या बसवून दिल्या. तेव्हापासून एकसारखे होतात हो पापड, खोटं कशाला बोलू.

लग्न केलं नाही. म्हणजे बघायला गेला होता, नागोठण्याला. मुलगी पोहे घेऊन आली तर हा वर बघतोय. पंखा कुरकुरत होता ना! टेबलावर स्टूल चढवून पंखा उतरवला, तेल घातलं, एका पात्याला वाक होता तो सरळ केला. उतरेपर्यंत पोहे गार आणि मुलीचा बाप गरम. घरी आल्यावर आईनं विचारलं, "मुलगी कशी होती रे?" तर म्हणे, "बेअरिंग गेलेलं."

आता डोळ्यांचं सांगते. फोरमनची आत्या हमरापूरची. तिचा हात आखणीला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, ते काम सगळ्यात शेवटी आणि घरातल्या सगळ्यात स्थिर हाताचं. हा आठ-नऊ वर्षांचा असेल. आत्या बाजारात गेली तशी यानं शाडूच्या एका मूर्तीला हौसेनं डोळे काढले. मूर्ती वरून कोरडी, पोटात ओली. चार दिवसांत ती सुकत आली आणि बरोबर उजव्या डोळ्यातून तडा गेला. आत्यानं मारलं नाही. नुसतं त्या मूर्तीसमोर दिवसभर बसवलं. "बघ, कसा बघतोय तुझ्याकडं." तेव्हापासून या माणसाचा एकच मंत्र. डोळे शेवटी!

आणि हाच मंत्र तो आता इंजिनियर पोरांना देतो. स्टार्टअप म्हणतात ना, ती पोरं. कुणी भात वाळवायचं यंत्र आणतं, कुणी मासे ताजे आहेत की शिळे ते सांगणारी बंदूक. पुण्यापासून येतात. कुणी कुणाला सांगितलं देव जाणे, पण रविवारी याच्या पडवीत दोन-तीन चपलांचे जोड असायचेच. पोरं आली की लॅपटॉप उघडतात, चित्रं दाखवतात. हा लॅपटॉप शांतपणे मिटतो आणि विचारतो, "खोकं कुठाय?" खोकं म्हणजे यंत्र. यंत्र सुंदर असलं, रंगीत, वर नावबिव झळकणारं, की याचा चेहरा पडलाच. "आधीच डोळे काढलेस? मूर्ती ओली हाय रे अजून." मग तो ते खोकं उचलतो आणि माझ्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली टाकतो.

एक पोरगा रडायला आला होता. मी पाणी दिलं. फोरमन म्हणाला, "मशीन पहिल्यांदा पडतं ते नेणाऱ्याच्याच हातातून. आज पडलं ते बरं. गिऱ्हाईकाकडं पडलं असतं तर तुला कळलंबी नसतं."

मागच्या हिवाळ्यात रोह्याला अशा पोरांचा मेळावा होता. एसी हॉल, हारतुरे. फोरमनला व्याख्यानाला बोलावलं. त्याच्या आधी दोन साहेब बोलले, भिंतीवर चित्रं टाकून. हा उठला तो खाडीच्या पाण्यानं भरलेली बादली घेऊन. पेणहून रोह्यापर्यंत गाडीतून सांभाळत आणलेली! मी बरोबर होते, माझी साडी अर्धी भिजली. स्टेजवर बादली ठेवली आणि म्हणाला, "ज्याची वस्तू तयार हाय त्यानं ह्यात टाकावी." झालं व्याख्यान. हॉलमध्ये पंखा फिरल्याचा आवाज नाही, एसी ना. कुणी उठेना. मग मागच्या रांगेतून एक सावळीशी पोरगी आली, पिशवीतून एक पांढरा डबा काढला आणि टाकला पाण्यात. बुडबुडे आले, डबा मेला.

"नाव काय?" फोरमननं विचारलं.

"रेश्मा. जित्याची."

"रविवारी ये. मेलेलं घेऊन ये."

तर ही रेश्मा, खाडीकाठच्या जिते गावची. शिकलेली इंजिनियर, चांगली नोकरी सोडून घरी आलेली. तिच्या बापाचं भातशेत खाडीच्या बांधाला लागून. खाडीकाठच्या माणसांना बांध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तुम्हांला सांगते. बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, बांधाला बीळ पाडते, उधाणाची भरती त्या बिळातून झिरपते आणि बघता बघता बांधाला खिंडार पडतं, त्याला खांड म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे भात धड येत नाही. त्यांच्या शेजाऱ्याचं शेत तसंच गेलं होतं, दुपारी सगळे जेवायला घरी असताना. म्हणून रेश्मानं हा डबा केला. बांधाच्या आतल्या अंगाला काठीवर उभा करायचा, दोन तारा खाली चरात. खारं पाणी चरात आलं रे आलं की मालकाच्या फोनवर बोंब मारतो. वैशाखाच्या अवसेला मोठं उधाण यायचं होतं, त्याच्या आधी तिला डबा बांधावर हवा होता. त्या एका गोष्टीसाठी ती पोरगी दर रविवारी सकाळच्या मेमू गाडीनं यायची.

आणि दर रविवारी फोरमन नवी खोट काढायचा.

पहिल्यांदा डबा पायरीवरून टाकला, झाकण उडालं. मग एका पिंपात चिखल कालवून डबा ठेवला आणि बाजारातून जिवंत चिंबोरी आणून आत सोडली. चांगली वजनदार, हिरवट नांग्यांची. "हा आपला इन्स्पेक्टर," म्हणाला. इन्स्पेक्टरनं एका तासात दोन्ही तारा कापल्या. रेश्मा म्हणाली, "फोरमन, हे चाचणीच्या कुठल्याच पुस्तकात नाही." तर हा, "पुस्तक चिंबोरीला वाचून दाखव जा." पुढच्या खेपेला तारांवर पोलादी जाळी आली. इन्स्पेक्टर हरला. संध्याकाळी मी त्याचं कालवण केलं, तिघांनी मिळून खाल्लं. पेन्शनीत निघाला बिचारा.

मग आली माझी पाळी. माझे हात पापडाच्या पिठानं आणि तेलानं माखलेले, तशीच बोलावली मला. "माई, ह्यातली बॅटरी काढून दाखव." चार बारीक स्क्रू, मला तर दिसेचनात. मी म्हटलं, "हे उघडायला सोनार आण." फोरमन रेश्माकडे वळला. "बांधावर तुझा बाप असणार. हात चिखलाचे, चष्मा घरी. माईला उघडता येत नाय ते त्याला येणार नाय." रेश्मा माझ्या फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडं बघत राहिली. पुढच्या रविवारी डब्याला बरणीसारखं फिरकीचं रुंद झाकण! मी तेलकट हातानं एका वळशात उघडलं. सांगते काय, माझ्या बरणीचं पोर ते.

हे असं चाललं होतं आणि छान चाललं होतं. रविवारी तीन माणसांचं जेवण, बरोबर साडेअकराला. ती दोघं भांडायची. "फोरमन, तुम्हाला कधी काही आवडतं का हो?" "आवडतं की. माईची सोलकढी. तीबी दर खेपेला नाय."

शेवटची परीक्षा एकवीस दिवसांची. डबा माझ्या गच्चीवर दोरीला टांगायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर खारं पाणी मारायचं. आत ओल शिरली की लाल दिवा, नाहीतर हिरवा. हे काम माझ्याकडं, कारण चैत्र-वैशाखात मी गच्चीवरच राहायला असते. पापड वाळत घालायचे, कावळे हाकलायचे आणि डब्याला आंघोळ घालायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज एक बरोबरची खूण करत होते. एकवीस खुणा झाल्या. सगळे दिवस हिरवा. मला तर त्या डब्याचा लळाच लागला होता.

रविवार आला. रेश्मा नवा ड्रेस घालून आली, पेढे घेऊन. अवस चार दिवसांवर. मी हळूच फोरमनच्या फळीवरचा कुंचला आणि काळ्या रंगाची बाटली पुसून ठेवली. फोरमननं डबा उतरवला, कानाशी हलवला, व्हर्निअर लावला, झाकण उघडलं, लावलं. आणि म्हणाला,

"नाय. गुरुवारी लाल लागला होता. परत एकवीस दिवस."

पोरीचा चेहरा असा झाला म्हणून सांगू! "फोरमन, पण उधाण..."

"मूर्ती ओली हाय."

ती उठली. पेढे तिथंच ठेवले, जेवलीसुद्धा नाही, आणि गाडीला गेली. डबा फोरमनकडंच राहिला.

आता गुरुवारी मी दिवसभर गच्चीवर होते. मुगाचे पापड होते ना. दिवा हिरवा होता. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, सूर्य मावळताना तर लांबून काजव्यासारखा हिरवागार. मी पोरीदेखत बोलले नाही, माणसाचं नाक असं चारचौघांत कापू नये. चहा केला आणि दोन कप घेऊन पडवीत गेले.

"फोरमन, गुरुवारी लाल कुठं लागला रे?"

तो चहाच्या कपाच्या कानाची जाडी मोजायला लागला.

"तुला काय कळतं गो त्यातलं?"

"मला इंजिनियरिंग नाय कळत. हिरवा आणि लाल कळतो. कॅलेंडर आणून दाखवू?"

कान मोजून झाला. मग बशी मोजली. मोजायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "ते हमरापूरचे भाऊ आठवतात? पाटवाले. वर्षभर येत होते. पाट झाला, मी डोळे काढले, त्यांनी पेढे दिले, पाया पडले." बशी खाली ठेवली. "त्यानंतर एकदाबी आले नाय. येतील कशाला? झालेली वस्तू घेऊन कोण येतं, माई?"

मी नजर खाली वळवली. खालच्या फळीवर डब्याशेजारी रेश्माचे पेढे तसेच होते, बांधलेले.

मी म्हटलं, "अरे, पण उधाणाला कुठं ठाऊक हाय तुझा रविवार?"

चहा गार झाला तसाच त्यानं पिऊन टाकला आणि आत गेला.

सोमवारी सकाळी सहाला दारावर थाप. फोरमन कंपनीचा खाकी शर्ट घालून उभा, खांद्याला पिशवी, काखेत डबा. "माई, चल. जित्याला जायचंय." मी सांगते तुम्हांला, हा माणूस कधी कुणाच्या घरी गेलेला नाही. पोरांनी याच्याकडं यायचं, हा नियम. मी तशीच पदर खोचून निघाले.

रेश्मा घरी नव्हती, बांधावर होती. आम्हांला बघून तिचा बाप धावतच आला, "या या, बसा" म्हणायला लागला, पण बांधावर बसवणार कुठं? फोरमननं डबा तिच्या हातात दिला. इकडं तिकडं बघितलं, खाडीकडं बघितलं. मग म्हणाला, "गुरुवारी लाल नव्हता लागला. खोट डब्यात नव्हती, पोरी. माझ्यात होती."

रेश्मा म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"ठाऊक हाय?"

"फोरमन, डबा रोजचं सगळं माझ्या फोनवर पाठवतो. कधी हिरवा, कधी लाल, किती वाजता. काल गाडीत बसल्या बसल्या बघितलं. आज दुपारच्या गाडीनं तुमच्याशी भांडायलाच येणार होते."

फोरमनचं तोंड उघडंच राहिलं. एवढा खोट काढणारा माणूस, आणि स्वतःची खोट डब्यानंच पकडून दिली! मी हसले म्हणून बांधावर माझा पाय घसरला, रेश्माच्या बापानं धरलं.

काठी रोवली, डबा बसवला, तारा चरात सोडल्या. फोरमननं पिशवीतून कुंचला काढला, रंगाची बाटली काढली आणि कुंचला रेश्मापुढं धरला. "तू काढ. आखणीला हात स्थिर लागतो. माझा आज नाय." तिनं काढले. एक डोळा जरा मोठा झाला. फोरमन वाकून बघत राहिला. मला वाटलं आता व्हर्निअर काढतो. पण नाही काढला.

गुरुवारी उधाण आलं. दुपारी बाराच्या सुमारास, सगळे जेवायला घरी असतानाच, रेश्माच्या बापाचा फोन बोंबलायला लागला. बापलेक आणि शेजारचे दोघं ताटावरून उठून धावले. बांधाला मनगटाएवढं बीळ, पाणी झिरपायला नुकतीच सुरुवात. चिखल आणि पेंढा कोंबून बुजवलं. मग तिनं फोरमनला फोन लावला. मी शेजारीच पापड निवडत होते.

"पाणी काय म्हणतं?" त्यानं एवढंच विचारलं.

"बाहेर हाय," ती म्हणाली. मला इथपर्यंत ऐकू आलं.

फोन ठेवून तो चष्मा पुसायला लागला, तो बराच वेळ पुसत राहिला. साडेअकराला जेवून झालेलं असूनही माझ्याकडं पुन्हा भात मागितला.

पण खरं सांगायचं ते पुढचंच. रविवार आला. फोरमननं पडवी झाडली, चटई अंथरली, मग काय वाटलं कोण जाणे, चटई पुन्हा गुंडाळून ठेवली. "आज कुणी नाय येणार. झालं ते काम." मी दोघांपुरताच भात लावला. आणि मेमूची वेळ होऊन गेल्यावर बघते तर रेश्मा येतेय! पाठीला बापाचा फवारणीचा पंप, वाकून चालतेय बिचारी.

"फोरमन, ह्यो चालत नाय. काय झालंय बघा ना."

फोरमननं पंप उघडला. दोन मिनिटंही लागली नाहीत. आतला वायसर नव्हता. पंप नवाकोरा, वायसर कुणीतरी अलगद काढून घेतलेला, तिथं नखाचा ओरखडासुद्धा दिसत होता. त्यानं मान वर करून पोरीकडं बघितलं. पोरगी छपराकडं बघत होती, एक मूठ ओढणीखाली घट्ट मिटलेली.

फोरमननं पंप हळूच बंद केला. चटई अंथरली.

"लय मोठी खोट हाय गो," म्हणाला. "चार-पाच रविवार लागतील."

मी आत जाऊन तांदळात आणखी एक वाटी टाकली.

तर असा आमचा फोरमन. आता ऐका, पुढच्या वेळी रामवाडीवरून तसेच निघून गेलात तर बघा. रविवारी या, साडेअकराच्या आत या, पापड मी भाजून ठेवते. येताना पेढे-बिढे नकोत. काहीतरी बिघडलेलं आणा. मिक्सर, घड्याळ, काहीही. आणि घरात काही बिघडलेलं नसेलच, तर निघताना एखादा स्क्रू ढिला करून आणा. पण लवकर या हो.